इन्सुलेशन रेझिस्टन्स चाचणीची रीडिंग नोंदवण्याची पद्धत

मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा (वाहकावरील विद्युतरोधक आवरणाचा) रेझिस्टन्स मोजणारे उपकरण, लावून आकडा वाचण्याचे काम काही मिनिटांत संपते. तो आकडा दोन-चार वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल की नाही, हे मात्र नोंद कशी केली आहे यावर ठरते. अनेक नोंदवह्यांमध्ये मोटरच्या नावापुढे ‘२०० मेगाओहम, ठीक’ एवढेच लिहिलेले सापडते. हे २०० मेगाओहम किती व्होल्टला आले, चाचणी सुरू केल्यावर किती वेळाने वाचले, वाइंडिंग (मोटरमधील तारांचे वेटोळे) गरम होते की गार, केबल जोडलेली होती की सोडलेली, यांपैकी काहीच कळत नसेल, तर पुढच्या वेळी आलेल्या ९० मेगाओहमशी त्या आकड्याची तुलना करता येत नाही. मोटर बिघडू लागली आहे की फक्त चाचणीची परिस्थिती बदलली आहे, हे सांगण्यास काही आधारच उरत नाही. म्हणून या संपूर्ण लेखात एकच कसोटी धरली आहे: आपली नोंद वाचून, आपल्याला काहीही न विचारता, दुसऱ्या तंत्रज्ञाला तीच चाचणी जशीच्या तशी पुन्हा करता आली पाहिजे.

मेगर नेमके काय मोजतो

मेगर वाहक आणि अर्थ (अर्थिंग, म्हणजे जमिनीशी असलेली जोडणी) यांच्यामध्ये, किंवा दोन वाहकांमध्ये, उच्च डीसी व्होल्टेज लावतो आणि इन्सुलेशनमधून वाहणारा अतिशय सूक्ष्म करंट मोजून त्यावरून रेझिस्टन्स दाखवतो. हा करंट एकाच प्रकारचा नसतो. सुरुवातीला इन्सुलेशनचे कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता) चार्ज करणारा करंट असतो, जो सहसा काही सेकंदांतच संपतो. त्याच्या जोडीला इन्सुलेशनच्या रेणूंची मांडणी बदलताना वाहणारा शोषण करंट असतो; तो हळूहळू, कित्येक मिनिटे घटत राहतो. तिसरा म्हणजे खरा गळती करंट, जो इन्सुलेशनच्या आतून आणि त्याच्या पृष्ठभागावरील ओल, धूळ व तेलकट थर यांतून वाहतो आणि व्होल्टेज स्थिर असेपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो.

पहिले दोन करंट कमी होत जातात, त्यामुळे एकूण करंट घटतो आणि मेगरवरील रेझिस्टन्स वाढत जातो. चांगल्या, कोरड्या वाइंडिंगवर १५ सेकंदांनी दिसणारा आकडा आणि १० मिनिटांनी दिसणारा आकडा यांत कित्येक पटींचा फरक असू शकतो, आणि दोन्ही आकडे बरोबरच असतात. रीडिंगसोबत वेळ का लिहायची, याचे कारण हेच आहे. माझ्या मते एखादा रकाना वगळायचाच झाला, तर इतर कोणताही वगळावा. व्होल्टेज, वेळ आणि तापमान हे तीन मात्र कधीही वगळू नयेत.

चाचणीआधी करायच्या नोंदी

सर्वप्रथम पुरवठा बंद करावा, आयसोलेटरला कुलूप व सूचनापट्टी लावावी आणि योग्य टेस्टरने प्रत्येक वाहकावर व्होल्टेज नसल्याची खात्री करावी. टेस्टर स्वतः चालू आहे की नाही, हे तपासणीच्या आधी व नंतर ज्ञात चालू स्रोतावर पाहून घ्यावे. केबलची चाचणी असेल तर तिच्या दुसऱ्या टोकाला माणूस उभा करावा किंवा ते टोक बंदिस्त करावे, कारण मेगरचे व्होल्टेज संपूर्ण लांबीवर पोहोचते आणि दूरच्या टोकाला काम करणाऱ्याला त्याची कल्पना नसते. ही खात्री कोणी व किती वाजता केली, हे नोंदीच्या पहिल्याच ओळीत असावे.

त्यानंतर उपकरणाची ओळख लिहावी. ‘पंपाची मोटर’ हे पुरेसे नाही. त्या जागी उद्या दुसरी मोटर बसवली गेली, तर जुनी रीडिंग नव्या मोटरच्या नावावर जमा होतात आणि आलेख पूर्णपणे फसवा बनतो. म्हणून बसवलेल्या जागेचा क्रमांक आणि मोटरचा स्वतःचा अनुक्रमांक असे दोन्ही लिहावेत. नेमप्लेटवरील व्होल्टेज, क्षमता व इन्सुलेशनचा वर्ग (ते किती तापमान सोसते याची श्रेणी) एकदा मुख्य पानावर लिहून ठेवला की तो प्रत्येक वेळी लिहावा लागत नाही.

यापुढची नोंद बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि नंतर सर्वाधिक गोंधळ तिच्या अभावीच होतो: चाचणीच्या वेळी नेमके काय काय जोडलेले होते? स्टार्टरच्या टर्मिनलवरून घेतलेल्या रीडिंगमध्ये स्टार्टरपासून मोटरपर्यंतची केबल आणि मोटरचे वाइंडिंग, दोन्ही येतात. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये केबल सोडवून घेतलेल्या रीडिंगमध्ये फक्त वाइंडिंग असते. नोंदीत ‘स्टार्टरच्या आउटगोइंग टर्मिनलवर, केबलसह’ किंवा ‘मोटर टर्मिनलवर, केबल सोडवून’ असे स्पष्ट लिहावे. स्टार किंवा डेल्टाच्या (तिन्ही वाइंडिंग एकमेकांना जोडणाऱ्या) पट्ट्या काढल्या होत्या की तशाच होत्या, हेही लिहावे. पट्ट्या न काढता तिन्ही फेज अर्थशी तपासले, तर तिन्ही रीडिंग जवळजवळ सारखीच येतात, कारण तिन्ही वाइंडिंग आतून एकमेकांना जोडलेलीच असतात. अशा वेळी तीन रकान्यांत तीन आकडे भरल्याने तीन स्वतंत्र चाचण्या झाल्याचा आभास निर्माण होतो. तिथे प्रामाणिक नोंद एकच असते: ‘तिन्ही फेज एकत्र ते अर्थ’.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण), सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारे उपकरण), सर्ज अरेस्टर (अचानक वाढलेले व्होल्टेज अर्थकडे वळवणारे उपकरण), इलेक्ट्रॉनिक मीटर, सेन्सर, एलईडी ड्रायव्हर, डिमर अशी उपकरणे मेगर लावण्यापूर्वी सोडवून ठेवावीत. व्हीएफडीच्या आउटपुट टर्मिनलवर मेगर लावल्यास त्यातील सेमीकंडक्टर नष्ट होऊ शकतात. सर्ज अरेस्टर जोडलेला राहिला तर तो मेगरच्या व्होल्टेजवर वाहू लागतो आणि इन्सुलेशन उत्तम असूनही रीडिंग खाली येते. सोडवलेल्या प्रत्येक उपकरणाची यादी तिथेच करावी आणि प्रत्येकापुढे ‘परत जोडले’ असा रिकामा रकाना ठेवावा. काम संपल्यावर सोडवलेला न्यूट्रल किंवा सर्ज अरेस्टर जोडायचा राहून गेला, तर चाचणीमुळे सुरक्षितता वाढण्याऐवजी कमी होते. न्यूट्रल सुटा राहिल्यास सिंगल फेज उपकरणांवर बेताल व्होल्टेज जाऊन ती जळू शकतात.

मेगरची स्वतःची तपासणी

मेगरचा अनुक्रमांक आणि त्याच्या कॅलिब्रेशनची मुदत नोंदीत लिहावी. काही काळाने त्या मेगरमध्ये दोष आढळला, तर त्याने घेतलेली कोणती रीडिंग संशयास्पद आहेत, हे फक्त याच नोंदीवरून शोधता येते.

लीड्सची (मेगरच्या जोडतारांची) तपासणी दोन प्रकारे करावी. दोन्ही टोके हवेत वेगळी धरून चाचणी केली असता मेगरने त्याच्या मोजमापाची कमाल मर्यादा दाखवली पाहिजे. टोके एकमेकांना जोडून चाचणी केली असता शून्य दाखवले पाहिजे. पहिल्या तपासणीत आकडा मर्यादेपेक्षा खाली आला, तर लीड्सच ओलसर किंवा खराब आहेत, आणि तीच गळती पुढच्या प्रत्येक रीडिंगमध्ये मिसळणार आहे. दुसऱ्या तपासणीत शून्य आले नाही, तर लीड कुठेतरी तुटलेली आहे, आणि अशा तुटलेल्या लीडने तपासलेले प्रत्येक उपकरण ‘उत्तम’ ठरते. सदोष इन्सुलेशनला चांगले म्हणणारी चूक नेहमी अधिक घातक असते. त्यामुळे शॉर्ट करून पाहण्याची ही तपासणी कामाच्या आरंभी आणि शेवटी अशी दोनदा करावी आणि दोन्ही वेळचे निष्कर्ष लिहावेत.

चाचणीचे व्होल्टेज ठरवणे

इमारतीतील वायरिंगसाठी आयईसी ६०३६४-६ या आंतरराष्ट्रीय मानकात पुढील मूल्ये दिली आहेत. अतिशय कमी व्होल्टेजच्या सुरक्षित सर्किटसाठी चाचणी २५० व्होल्ट डीसीवर करावी आणि किमान रेझिस्टन्स ०.५ मेगाओहम असावा. ५०० व्होल्टपर्यंतच्या सर्किटसाठी चाचणी ५०० व्होल्टवर आणि किमान रेझिस्टन्स १ मेगाओहम असावा. त्याहून अधिक व्होल्टेजच्या सर्किटसाठी चाचणी १००० व्होल्टवर असून किमान मर्यादा १ मेगाओहमच आहे. सर्ज अरेस्टर सोडवणे शक्यच नसेल, तर त्या सर्किटची चाचणी २५० व्होल्टपर्यंत खाली आणता येते. मात्र तसे केल्याचा उल्लेख व कारण नोंदीत आले पाहिजे.

फिरत्या यंत्रांसाठी आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचे आयईईई ४३ हे मानक आधाराला घेतले जाते. त्यानुसार १००० व्होल्टपेक्षा कमी रेटिंगच्या वाइंडिंगला ५०० व्होल्ट, १००० ते २५०० व्होल्टच्या वाइंडिंगला ५०० ते १००० व्होल्ट, २५०१ ते ५००० व्होल्टच्या वाइंडिंगला १००० ते २५०० व्होल्ट, ५००१ ते १२००० व्होल्टच्या वाइंडिंगला २५०० ते ५००० व्होल्ट आणि त्यावरील वाइंडिंगला ५००० ते १०००० व्होल्ट डीसी वापरावे. यांतील काही ठिकाणी मूल्य एक नसून पट्टा आहे, हे ध्यानात घ्यावे. त्या पट्ट्यात एकदा जे व्होल्टेज निवडले, तेच त्या यंत्राच्या सर्व पुढील चाचण्यांसाठी कायम ठेवावे. ओलसर किंवा भेगा पडलेल्या इन्सुलेशनचा रेझिस्टन्स व्होल्टेज वाढवल्यावर कमी होतो, त्यामुळे १००० आणि २५०० व्होल्टवर घेतलेली रीडिंग एका आलेखात ठेवता येत नाहीत.

आणखी एक बारकावा आहे. रेझिस्टन्स फार कमी असेल तर अनेक मेगर निवडलेले व्होल्टेज टिकवू शकत नाहीत आणि प्रत्यक्ष व्होल्टेज खाली घसरते. ज्या मेगरमध्ये प्रत्यक्ष लागलेले व्होल्टेज पडद्यावर दिसते, तिथे निवडलेले व प्रत्यक्ष असे दोन्ही आकडे लिहावेत.

रीडिंग घेणे आणि लिहिणे

मेगरचे लाइन टर्मिनल वाहकाला आणि अर्थ टर्मिनल उपकरणाच्या बॉडीला किंवा अर्थच्या पट्टीला जोडावे. जोडणीच्या जागेवरील रंग, गंज व ग्रीस खरवडून काढावे, कारण रंगावर लावलेल्या क्लिपमुळे रंगाचाच रेझिस्टन्स मोजला जातो. ज्या फेजची चाचणी चालू नाही, ते अर्थशी जोडून ठेवले की सुटे ठेवले, हेही लिहावे. अर्थशी जोडलेले असतील तर फेज ते अर्थ आणि फेज ते फेज या दोन्ही गळत्या एकाच आकड्यात येतात. बुशिंग (टर्मिनलभोवतीचा इन्सुलेटर) किंवा केबलच्या टोकावरील पृष्ठभागीय गळती टाळण्यासाठी गार्ड टर्मिनल वापरले असेल, तर ‘गार्डसह’ असा शेरा द्यावा, कारण त्याच उपकरणाची गार्डविना घेतलेली रीडिंग बरीच कमी येऊ शकतात.

चाचणी सुरू करतानाच घड्याळ लावावे आणि ६० सेकंद पूर्ण होताच आकडा वाचून लगेच लिहावा. आकडा वाढतच आहे म्हणून थांबून राहणे आणि ‘चांगला’ वाटणारा आकडा आला की लिहिणे, ही पद्धत पूर्णपणे चुकीची आहे. त्यात मोजमाप इन्सुलेशनचे होत नाही, मोजणाऱ्याच्या संयमाचे होते. लहान घरगुती सर्किटमध्ये आकडा एक-दोन सेकंदांतच स्थिर होतो. तिथे पूर्ण मिनिट थांबण्याची गरज नाही, पण स्थिर झाल्यावरच वाचल्याची खात्री हवी.

आकडा लिहिताना एकक प्रत्येक वेळी लिहावे. किलोओहम, मेगाओहम आणि गिगाओहम यांच्यात हजार-हजार पटींचा फरक आहे, आणि आपोआप रेंज बदलणाऱ्या डिजिटल मेगरवर पडद्याच्या कोपऱ्यातील लहान अक्षर नजरेतून सुटणे सहज शक्य असते. १.२ गिगाओहम आले असेल, तर नोंदवहीत १२०० मेगाओहम असे एकाच एककात रूपांतर करून लिहावे, म्हणजे मागील रीडिंगशी तुलना करताना चूक होत नाही.

मेगरने मर्यादेपलीकडचे चिन्ह दाखवले, तर ‘अनंत’ किंवा ‘ओके’ लिहू नये. मेगरची त्या व्होल्टेजवरील कमाल मर्यादा २००० मेगाओहम असेल, तर ‘२००० मेगाओहमपेक्षा जास्त’ असे लिहावे. पुढच्या वर्षी अधिक क्षमतेच्या मेगरने ५००० मेगाओहम दाखवले, तर इन्सुलेशन सुधारले असे कोणी समजणार नाही. याचप्रमाणे शून्य आले तर ‘शून्य’ न लिहिता मेगर दाखवू शकणाऱ्या सर्वांत कमी मूल्याचा उल्लेख करावा, जसे ‘०.०१ मेगाओहमपेक्षा कमी’, आणि शक्य असल्यास मल्टिमीटरने ओहममध्ये मोजून ते मूल्यही जोडावे. थेट धातूचा स्पर्श झाला आहे की पाणी शिरले आहे, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

काटा किंवा आकडा स्थिर न राहता वर-खाली होत असेल, तर सरासरी काढून एक आकडा लिहिण्याचा मोह टाळावा. ‘६० सेकंदांनी ४० ते ६५ मेगाओहम, अस्थिर’ ही नोंद अधिक मोलाची आहे, कारण अस्थिरता हीच एक माहिती आहे. सैल जोडणी, शेजारच्या चालू वाहकाचा प्रभाव किंवा पृष्ठभागावर अधूनमधून होणारी गळती, यांपैकी काहीतरी तिथे चालू असते.

प्रत्येक रीडिंगनंतर वाहक डिस्चार्ज करावा. बहुतेक आधुनिक मेगर हे आपोआप करतात, तरी मोठ्या मोटर व लांब केबलमध्ये शोषलेला चार्ज हळूहळू परत बाहेर येत राहतो, म्हणून चाचणी जितका वेळ चालली त्याच्या किमान चौपट वेळ वाहक अर्थशी जोडून ठेवावा. १० मिनिटांच्या चाचणीनंतर हा वेळ ४० मिनिटे होतो. घाई करून दुसरी चाचणी घेतल्यास शॉक बसण्याचा धोका तर असतोच, शिवाय उरलेल्या चार्जमुळे पुढचे रीडिंगही चुकते.

तापमान आणि हवेतील ओलावा

इन्सुलेशनचा रेझिस्टन्स तापमान वाढले की कमी होतो. जुन्या, थर्मोप्लास्टिक (उष्णतेने मऊ होणाऱ्या) प्रकारच्या वाइंडिंग इन्सुलेशनसाठी दर १० अंश सेल्सिअस वाढीमागे रेझिस्टन्स निम्मा होतो, असे धरले जाते. निरनिराळ्या दिवशी घेतलेली रीडिंग तुलनेत आणण्यासाठी ती ४० अंश या आधार तापमानाला रूपांतरित करतात. वाइंडिंग ३० अंशांवर असताना १८० मेगाओहम आले, तर ४० अंशांवर ते ९० मेगाओहम होईल. उलट, नुकतीच बंद केलेली मोटर ६० अंशांवर असताना ५० मेगाओहम आले, तर ४० अंशांवरील मूल्य दोनदा दुप्पट होऊन २०० मेगाओहम येते. वरवर पाहता १८० हा आकडा मोठा असला तरी रूपांतरानंतर दुसरी मोटर दुपटीहून अधिक चांगली ठरते.

आधुनिक इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर अशा थर्मोसेटिंग (एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा मऊ न होणाऱ्या) इन्सुलेशनला हा निम्मे-दुप्पट नियम लागू होत नाही. त्याचे सूत्र वेगळे आहे आणि ४० अंशांच्या खाली त्याचा बदल बराच मंद असतो. म्हणूनच नोंदीत प्रत्यक्ष रीडिंग, वाइंडिंगचे तापमान, वापरलेला गुणक आणि रूपांतरित मूल्य असे चारही आकडे स्वतंत्र लिहावेत. गुणक चुकीचा निवडला गेला असे नंतर लक्षात आले, तरी मूळ आकडा शाबूत असल्याने नव्याने हिशेब करता येतो. केवळ रूपांतरित आकडा लिहिला असेल, तर मूळ माहिती कायमची गमावते.

इथे वाइंडिंगचे तापमान हवे, हवेचे नव्हे. मोटरमध्ये तापमान सेन्सर असेल तर त्याचा आकडा घ्यावा. नसेल आणि मोटर बराच काळ बंद असेल, तर बॉडीचे तापमान वाइंडिंगच्या जवळपास मानता येते, पण ते कुठे मोजले हे लिहावे. ट्रान्सफॉर्मरसाठी तेलाचे तापमान लिहावे. हवेचे तापमान आणि सापेक्ष आर्द्रता वेगळ्या रकान्यात येतात. वाइंडिंग दवबिंदूपेक्षा थंड असेल तर त्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलाव्याचा थर जमतो आणि रीडिंग एकदम खाली येते. या ओलाव्यासाठी कोणताही गुणक विश्वासाने वापरता येत नाही, म्हणून अशा वेळी चाचणी पुढे ढकलणे किंवा हीटर चालवून वाइंडिंग गरम करणे श्रेयस्कर.

पोलरायझेशन इंडेक्सची नोंद

मोठ्या मोटर व जनरेटरसाठी एका मिनिटाचे रीडिंग अपुरे पडते. १० मिनिटांच्या रीडिंगला १ मिनिटाच्या रीडिंगने भागले असता पोलरायझेशन इंडेक्स मिळतो. ६० सेकंदांच्या रीडिंगला ३० सेकंदांच्या रीडिंगने भागले असता शोषण गुणोत्तर मिळते. दोन्ही आकडे एकाच चाचणीत, एकाच तापमानावर घेतलेले असल्याने यात तापमानाचे रूपांतर सहसा करावे लागत नाही. आयईईई ४३ नुसार बी, एफ व एच वर्गाच्या इन्सुलेशनसाठी हा इंडेक्स किमान २ आणि ए वर्गासाठी किमान १.५ असावा.

नोंदीत केवळ भागाकार न लिहिता मधली सर्व रीडिंग लिहावीत. उदाहरणार्थ, एका चाचणीत १५ सेकंदांनी ८५, ३० सेकंदांनी १४०, १ मिनिटाने २१०, २ मिनिटांनी ३००, ३ मिनिटांनी ३६५, ५ मिनिटांनी ४४५ आणि १० मिनिटांनी ५२५ मेगाओहम आले, असे समजू. शोषण गुणोत्तर १.५ आणि इंडेक्स २.५ येतो, आणि आकडे सलग चढत गेलेले दिसतात. आता दुसऱ्या यंत्रात पहिला व शेवटचा आकडा हेच असले, पण ५ व्या मिनिटाला आकडा अचानक खाली येऊन पुन्हा चढला असेल, तर इंडेक्स तोच राहील आणि मधला झटका कोणालाच कळणार नाही. एका मिनिटाचा रेझिस्टन्स ५००० मेगाओहमपेक्षा जास्त असेल, तर करंट इतका सूक्ष्म असतो की इंडेक्सला फारसा अर्थ उरत नाही. तेव्हा मूळ रीडिंग लिहून तसा शेरा द्यावा. एक्सएलपीई (क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीन इन्सुलेशनच्या) केबलमध्ये शोषण करंट अत्यल्प असल्याने तिच्यासाठी हा इंडेक्स काढण्यात अर्थ नाही.

केबल, वितरण फलक आणि ट्रान्सफॉर्मर

केबल जितकी लांब तितके गळतीचे मार्ग अधिक, त्यामुळे तिचा रेझिस्टन्स लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. केबलच्या नोंदीत लांबी लिहिणे म्हणूनच आवश्यक आहे. ४०० मीटर केबलचे रीडिंग ५० मेगाओहम असेल, तर किलोमीटरला ते २० मेगाओहम होते. मधला जोड काढून केबल कापली किंवा वाढवली असेल, तर त्या तारखेपासून नवी लांबी धरावी.

वितरण फलकावर सर्व सर्किट एकत्र तपासले, तर त्यांचे रेझिस्टन्स समांतर जोडले जातात. ३०, २० आणि ६० मेगाओहमची तीन सर्किट एकत्र मोजल्यास १० मेगाओहम दिसेल. यातील खरा धोका उलट बाजूने येतो: पाच सर्किट प्रत्येकी २०० मेगाओहमची आणि सहावे १.३ मेगाओहमचे असेल, तर एकत्रित रीडिंग सुमारे १.२६ मेगाओहम येते, १ मेगाओहमची मर्यादा ओलांडते आणि फलक ‘उत्तीर्ण’ होतो. एकत्रित रीडिंग अपेक्षेपेक्षा कमी दिसले, की सर्किट एकेक करून तपासावे आणि प्रत्येकाचा स्वतंत्र आकडा लिहावा. स्विच व एमसीबी चालू स्थितीत होते का, हेही नोंदवावे. बंद स्विचच्या पलीकडील वायरिंग चाचणीत येतच नाही.

ट्रान्सफॉर्मरमध्ये एचव्ही (उच्च व्होल्टेजची बाजू) ते अर्थ, एलव्ही (कमी व्होल्टेजची बाजू) ते अर्थ आणि एचव्ही ते एलव्ही अशी तीन रीडिंग वेगवेगळी घ्यावीत. बुशिंग पुसले होते का, हे लिहावे. टाकी व्हॅक्यूमखाली असताना मेगर कदापि लावू नये, कारण त्या स्थितीत फ्लॅशओव्हर होऊ शकतो, म्हणजे ठिणगी उडू शकते.

भरलेल्या नोंदीचा नमुना

एका ४०० व्होल्ट मोटरची नोंद पुढीलप्रमाणे होईल:

‘मोटर, जागा पंप २, अनुक्रमांक नेमप्लेटप्रमाणे. ४०० व्होल्ट, २२ किलोवॅट, ए वर्ग, थर्मोप्लास्टिक. मोटर टर्मिनलवर, केबल सोडवून, पट्ट्या काढून. इतर दोन वाइंडिंग अर्थशी जोडलेली. मोटर १८ तासांपासून बंद. वाइंडिंग ३० अंश, बॉडीवर मोजले. हवा २८ अंश, आर्द्रता ५५ टक्के. मेगरचा अनुक्रमांक व कॅलिब्रेशनची मुदत लिहिली. लीड तपासणी आधी व नंतर ठीक. चाचणी ५०० व्होल्ट डीसी, ६० सेकंद. यू वाइंडिंग १८० मेगाओहम, व्ही वाइंडिंग १९५ मेगाओहम, डब्ल्यू वाइंडिंग १७५ मेगाओहम. ४० अंशांसाठी गुणक ०.५, रूपांतरित ९०, ९७.५ आणि ८७.५ मेगाओहम. किमान मर्यादा ५ मेगाओहम. निष्कर्ष: समाधानकारक. पट्ट्या व केबल परत जोडली. चाचणी करणाऱ्याची व तपासणाऱ्याची सही, तारीख, वेळ.’

यात निष्कर्ष शेवटी आणि आकड्यांपासून वेगळा ठेवला आहे, हे मुद्दाम. मर्यादा कोणत्या मानकातून घेतली, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. आयईईई ४३ मध्ये ४० अंशांवरील किमान मूल्य १ किलोव्होल्टपेक्षा कमी रेटिंगच्या व सैल तारांनी गुंडाळलेल्या वाइंडिंगसाठी ५ मेगाओहम, साधारण १९७० नंतर बनवलेल्या बहुतेक फॉर्म-वाउंड (आधी आकार दिलेल्या कॉइलच्या) वाइंडिंगसाठी १०० मेगाओहम, आणि त्याआधीच्या वाइंडिंगसाठी ‘किलोव्होल्ट अधिक १’ असे आहे. म्हणजे जुन्या ६.६ किलोव्होल्ट यंत्रासाठी ७.६ मेगाओहम. कोणती मर्यादा लावली हे न लिहिता नुसते ‘ठीक’ लिहिले, तर त्या शेऱ्याची तपासणी कोणालाही करता येत नाही.

खाडाखोड, पुनर्चाचणी आणि जुनी रीडिंग

आकडा चुकीचा लिहिला गेला तर तो गिरवू नये किंवा पांढऱ्या शाईने झाकू नये. त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी योग्य आकडा लिहावा आणि सही करावी. रीडिंग कमी आल्यामुळे वाइंडिंग वाळवून पुन्हा चाचणी केली असेल, तर वाळवण्यापूर्वीचे रीडिंग, वाळवण्याची पद्धत व कालावधी आणि नंतरचे रीडिंग, सर्व ठेवावे. पहिले रीडिंग काढून टाकले, तर मोटरमध्ये पाणी शिरते आहे ही महत्त्वाची गोष्टच नोंदीतून नाहीशी होते, आणि ग्लँड (केबल आत शिरते तिथली घट्ट जोडणी) किंवा झाकणाची गळती तशीच राहते.

मागील वर्षीचे पान समोर ठेवून चाचणी करू नये. जुना आकडा डोळ्यांसमोर असला की अस्थिर काट्यातून त्याच्याशी जुळणारा आकडा वाचला जातो. आधी आजचे रीडिंग लिहावे, नंतर वही उलटून तुलना करावी. मेगरमध्ये साठवलेली रीडिंग संगणकावर उतरवली, तरी जोडणीची स्थिती, तापमान आणि शेरे हाताने भरावे लागतात, कारण ती माहिती मेगरजवळ नसते.

तुलना करताना मर्यादेइतकेच लक्ष कलाकडे द्यावे. एका मोटरची चार वर्षांची रूपांतरित मूल्ये ४२०, ३९०, ४०५ आणि १४० मेगाओहम असतील, तर शेवटचा आकडा ५ मेगाओहमच्या मर्यादेपेक्षा कितीतरी वर आहे, तरीही तो दुर्लक्षून चालणार नाही. सर्वप्रथम दोन्ही वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवून व्होल्टेज, वेळ, जोडणी आणि तापमान खरोखर सारखे होते का, ते पाहावे. सारखे असेल तर लीड्स तपासून चाचणी पुन्हा करावी. आकडा तोच आला, तर टर्मिनल बॉक्स उघडून टर्मिनल ब्लॉक स्वच्छ व कोरडा करून तिसऱ्यांदा मोजावे. त्याने मूल्य सुधारले तर दोष पृष्ठभागावरील धुळीचा किंवा ओलीचा होता. न सुधारल्यास वाइंडिंग वेगवेगळी तपासून कोणते खाली आले आहे ते शोधावे, आणि पुढची चाचणी वर्षभराने न ठेवता काही आठवड्यांनी ठेवून ती तारीख त्याच पानावर लिहावी.